अपर ट्रायब्युनलसाठी २,४०० पौंड मोजू का?

प्रश्न: मी ४७ वर्षांची, बरीच वर्षं इंग्लंडमध्ये रेडिंगला राहते, ब्रिटिश नागरिक आहे. ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिसमुळे आठवड्यातले चार-पाच दिवस हाताची बोटं मिटत नाहीत. दीड वर्षापूर्वी पिपचा (पर्सनल इंडिपेंडन्स पेमेंटचा, म्हणजे आजार-अपंगत्वासाठीच्या सरकारी भत्त्याचा) अर्ज केला. डीडब्ल्यूपीने (हे भत्ते देणाऱ्या सरकारी खात्याने) नाकारला, फेरविचारातही तेच झालं. मग ट्रायब्युनलनेही (अपील ऐकणाऱ्या न्यायाधिकरणानेही) डेली लिव्हिंगला (रोजच्या कामांना) ६ आणि मोबिलिटीला (चालण्या-फिरण्याला) ४ गुण देऊन अपील फेटाळलं. पॅनेलने विचारलं, ‘सकाळचा चहा तुम्हीच करता ना?’ मी हो म्हटलं. भाजी मिस्टर चिरतात, कुकर तेच उतरवतात, हे सांगेपर्यंत पुढचा प्रश्न आला. निकालाच्या पत्राला तीन आठवडे होत आले. अपर ट्रायब्युनलचं (त्याच्या वरच्या न्यायाधिकरणातल्या अपिलाचं) काम बघायला एक सॉलिसिटर (वकील) २,४०० पौंड मागतो आहे. त्यासाठी पुण्यातली एनआरई एफडी (परदेशस्थ भारतीयांची मुदत ठेव) मोडावी लागेल, तिला आठ महिने झालेत. मिस्टर म्हणतात, नाद सोड, नवा अर्ज कर. नोकरीचे तास कमी करून केअरर्स अलाउन्स (आजारी माणसाची काळजी घेणाऱ्याचा भत्ता) घेण्याचंही त्यांच्या मनात आहे. काय करावं?

उत्तर: ताई, पैशाचं नंतर बोलू. आधी आजच्या आज एक ईमेल करा. ज्या ट्रायब्युनलने निकाल दिला, त्याच्याकडे ‘स्टेटमेंट ऑफ रीझन्स’ (निकालाची लेखी कारणं) मागा, आणि त्याच ईमेलमध्ये सुनावणीचं रेकॉर्डिंगही मागा. निकालपत्र पाठवल्यापासून एक महिन्याची मुदत असते, आणि तुमचे तीन आठवडे गेलेत. उशीर माफ होऊ शकतो, पण तो न्यायाधीशांच्या मर्जीचा मामला. या मागणीला एक पेनीही लागत नाही. हे स्टेटमेंट हातात नसेल तर कुठलाही वकील तुमची केस नीट तपासू शकणार नाही. ते न वाचताच जो सॉलिसिटर २,४०० चा आकडा सांगतो, त्याच्याबद्दल मला तरी शंका येते.

ते आलं की फर्स्ट-टिअर ट्रायब्युनलकडेच (तुमचा निकाल दिला त्याच ट्रायब्युनलकडे) वर अपील करायची परवानगी मागायला पुन्हा एक महिना मिळतो. त्यांनी नाकारली तर थेट अपर ट्रायब्युनलकडे मागायची, त्यालाही एक महिना. तिथेही नकार आला, तर पूर्वी हायकोर्टात ज्युडिशियल रिव्ह्यूची (न्यायालयीन फेरतपासणीची) एक फट होती. २०२२ च्या कायद्याने ती जवळजवळ बुजवली.

अपर ट्रायब्युनल तुमची बोटं किती दुखतात हे नव्याने तोलत बसत नाही. फर्स्ट-टिअरने कायद्याची चूक केली का, एवढंच तिथे बघतात. ‘माझ्यावर अन्याय झाला’ हे कितीही खरं असलं तरी तेवढ्यावर तिथे काही हलत नाही. नियम चुकीचा लावला, महत्त्वाचा पुरावा विचारातच घेतला नाही, निकालाची कारणं पुरेशी दिली नाहीत, सुनावणी न्याय्य झाली नाही, असं काहीतरी दाखवावं लागतं.

तुमच्या बाबतीत ते दाखवता येईल का? मला वाटतं, शक्यता आहे, आणि ती चहातच आहे. पिपच्या नियमांत ‘साधं जेवण’ म्हणजे ताज्या जिनसांपासून शिजवलेलं, एका माणसाचं, एका पदार्थाचं जेवण. सोलणं-चिरणं त्यात आलं, गरम भांडं सांभाळणंही आलं. चहा त्यात बसत नाही. शिवाय २०१३ च्या पिप नियमावलीतला नियम ४ सांगतो की एखादी गोष्ट ‘जमते’ असं तेव्हाच म्हणायचं, जेव्हा ती सुरक्षितपणे, बऱ्यापैकी दर्जाने, गरज पडेल तितक्या वेळा आणि वाजवी वेळात जमते. वाजवी म्हणजे निरोगी माणसाला जास्तीत जास्त जेवढा वेळ लागतो, त्याच्या दुपटीपर्यंत. नियम ७ प्रमाणे निम्म्याहून अधिक दिवसांचं चित्र बघायचं असतं. तुमच्यासारख्या चढउताराच्या आजारात सगळा खेळ या दोन नियमांवर असतो.

तुम्हाला स्वयंपाकाला बहुधा २ गुण मिळालेत, म्हणजे स्टूल, बरणी उघडायचं साधन वगैरे लागतं एवढंच मान्य झालं. पण चिरायला किंवा भांडं उचलायला दुसऱ्या माणसाची मदत लागत असेल तर त्याचे ४ होतात. तुमचे ६ चे ८ झाले, आणि ८ म्हणजे डेली लिव्हिंगचा स्टँडर्ड दर. तेव्हा स्टेटमेंट आलं की पहिल्यांदा हे शोधा: मिस्टर चिरतात हे त्यात आहे का, आणि चार-पाच वाईट दिवसांबद्दल पॅनेलने काय म्हटलंय. तुमची बाजू वाचून, कारणं देऊन नाकारली असेल तर अपिलात दम नाही. त्याबद्दल अवाक्षरही नसेल तर दम आहे.

आता आकडे. २०२५-२६ चा स्टँडर्ड डेली लिव्हिंग दर आठवड्याला ७३.९० पौंड. दीड वर्षाचे ७८ आठवडे धरले तर थकबाकी ५,७६४ पौंडांच्या आसपास. वरवर बघता २,४०० घालून ५,७६४ मिळत असतील तर काय वाईट? पण मध्ये तीन दारं आहेत: परवानगी मिळणं, निकाल रद्द होणं, आणि मग बहुतेक वेळा नव्या पॅनेलपुढे फेरसुनावणी जिंकणं. (कधी कधी अपर ट्रायब्युनल स्वतःच निकाल देतं, पण त्यावर भिस्त ठेवू नका.) स्टेटमेंट न वाचता मी प्रत्येक दाराला निम्मी शक्यता धरतो. हा निव्वळ माझा अंदाज, आकडेवारी नव्हे. म्हणजे आठात एक. ५,७६४ चा आठवा भाग ७२० पौंड. ७२० च्या आशेवर २,४०० लावायचे नाहीत. आणि या प्रकरणांत जिंकलात तरी वकिलाची फी सहसा समोरच्याकडून वसूल होत नाही. त्याची चांगली बाजू अशी की हरलात तरी डीडब्ल्यूपीचा खर्च तुमच्या गळ्यात पडत नाही, आणि अपिलाला कोर्ट फीही नाही.

स्टेटमेंटमध्ये ढळढळीत चूक दिसली तर हे गणित बदलतं. अशा वेळी डीडब्ल्यूपी स्वतःच चूक कबूल करतं, असंही घडतं. पण तेव्हासुद्धा आधी फुकटची दारं ठोठावा: सिटिझन्स अ‍ॅडव्हाइस, जवळचं लॉ सेंटर, युनियनचे सभासद असाल तर युनियन, आणि ‘अ‍ॅडव्होकेट’ ही विनामूल्य बॅरिस्टर मिळवून देणारी संस्था. फर्स्ट-टिअरला न मिळणारी लीगल एड (वकिलासाठी सरकारी मदत) अपर ट्रायब्युनलच्या कायदेशीर मुद्द्याला मिळू शकते. मात्र तिला उत्पन्नाची अट आहे आणि ८,००० पौंडांची बचतीची मर्यादाही. नवऱ्याची बचत आणि पुण्याची एफडी त्यात धरली जाते, ती लपवायच्या फंदात पडू नका. हे काहीच जमलं नाही तर सॉलिसिटरकडून फक्त स्टेटमेंटवरचं लेखी मत घ्या, ठरलेल्या फीत. आणि विचारा की २,४०० मध्ये फेरसुनावणी धरली आहे का. बहुधा नसेल.

मिस्टरांचं म्हणणं निम्मं बरोबर आहे. नवा अर्ज कराच, पण त्यासाठी जुनं सोडायची गरज नाही. दोन्ही एकाच वेळी चालू शकतात. पिप अर्जाच्या तारखेच्या मागे जात नाही, म्हणून स्टेटमेंटची वाट बघत महिने घालवलेत तर दर आठवड्याचे पैसे हातचे जातात. शिवाय जुन्या अपिलात डीडब्ल्यूपीने मूळ निर्णय दिला त्या दिवसाचीच परिस्थिती बघतात. त्यानंतर वाढलेल्या दुखण्याला तिथे जागा नाही, ती नव्या अर्जात आहे. नवा अर्ज मंजूर झाला तर जुन्या भांडणाची किंमत त्या तारखेपर्यंतच्या थकबाकीवर थांबते, ती पुढे वाढत नाही. मग वकिलावर किती घालायचं ते ठरवणं सोपं. तुमच्या हातात आज शून्य आहे, त्यामुळे गमवायलाही काही नाही. ज्यांना थोडंफार पिप चालू आहे त्यांनी मात्र हा सल्ला जसाच्या तसा उचलू नये. फेरसुनावणीत असलेले गुणही कमी होऊ शकतात.

नव्या फॉर्ममध्ये ‘मला स्वयंपाक जमत नाही’ असं लिहू नका. असं लिहा: ‘मंगळवारी बटाटा सोलताना सुरी दोनदा सुटली, उरलेले मिस्टरांनी सोलले, कुकरचं झाकण मला फिरवता आलं नाही.’ चार आठवड्यांची अशी रोजनिशी ठेवा. चांगले दिवसही लिहा, नाहीतर कुणी विश्वास ठेवणार नाही.

मिस्टरांनी तास कमी करण्याबद्दल मात्र माझा साफ नकार. केअरर्स अलाउन्स २०२५-२६ मध्ये आठवड्याला ८३.३० पौंड होता, आणि तुम्हाला डेली लिव्हिंग मंजूर झाल्याशिवाय तो मिळतच नाही. त्यात मिस्टरांची आठवड्याची कमाई मर्यादेच्या (२०२५-२६ मध्ये १९६ पौंड) वर एक पौंड गेली तरी त्या आठवड्याचा सगळा अलाउन्स जातो. या कड्यावरून पडून वर्षांनंतर वसुलीची पत्रं आलेली माणसं इथे हजारोंनी आहेत. पिप मंजूर झालं तर तीन महिन्यांच्या आत अर्ज करा, म्हणजे तो पिपच्या सुरुवातीपासून मिळू शकतो. तोवर नोकरी आहे तशी राहू द्या.

एफडी मोडू नका. एनआरई ठेव वर्षाच्या आत मोडली तर व्याज शून्य, आणि तुमचे चारच महिने राहिलेत. जाता जाता: ते व्याज भारतात करमुक्त असलं तरी इंग्लंडमध्ये करपात्र आहे. रिटर्नमध्ये दाखवत नसाल तर ते काम वेगळं निघेल.

हिवाळ्यात पुण्याला जायचा बेत असेल तर तारखा जपून ठरवा. पिप चालू असताना १३ आठवड्यांपर्यंत बाहेर राहता येतं, उपचारासाठी गेलात तर २६ पर्यंत. नव्या अर्जासाठी गेल्या १५६ आठवड्यांपैकी १०४ ब्रिटनमध्ये काढलेले लागतात. पासपोर्टवरचे शिक्के आणि विमानाची तिकिटं काढून अर्ज करण्याआधीच मोजून घ्या.