सायबर सुरक्षेत एम.टेक. करायचंय? वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

प्रश्न : मी सांगलीत ई अँड टीसीच्या शेवटच्या वर्षाला आहे. एम.टेक. सायबर सिक्युरिटीत करू की कॉम्प्युटर नेटवर्किंगमध्ये? सगळे म्हणतात, मागणी सायबरला आहे.

उत्तर : पदवीच्या नावावर जाऊ नका. दोन्हीकडची विषयांची यादी समोर ठेवा. नेटवर्क, ऑपरेटिंग सिस्टिम आणि क्रिप्टोग्राफी (माहिती सांकेतिक करून लपवण्याचं शास्त्र) जिथे मुळापासून शिकवतात आणि लॅबचे तास भरपूर आहेत, तिथे जा. नेटवर्क कच्चं ठेवून सायबर शिकलेली मुलं मी रोज बघते. टूल चालवता येतं, पण समोर काय आलंय ते वाचता येत नाही.

माझ्या लॅबमध्ये पहिल्या आठवड्यात एकच काम असतं : वायरशार्क हे नेटवर्कवरची ये-जा दाखवणारं सॉफ्टवेअर लावायचं आणि आपल्याच लॅबमधली पॅकेट्स, म्हणजे माहितीचे छोटे तुकडे, बघत बसायचं. गेल्या वर्षी एका मुलीनं हात वर केला. "मॅडम, १९२.१६८.१.१ चा मॅक ॲड्रेस मघाशी वेगळा होता." गेटवेचा, म्हणजे बाहेरच्या नेटवर्ककडे जाणाऱ्या दाराचा, आयपी पत्ता तोच, पण त्यामागचा मॅक ॲड्रेस, म्हणजे यंत्राचा हार्डवेअर पत्ता, बदलला होता. कोणत्या आयपीचा मॅक कोणता, हे विचारण्या-सांगण्याची पद्धत म्हणजे एआरपी. कुणी विचारलेलं नसतानाही दुसरंच मशीन एआरपीची उत्तरं धाडत होतं. तो हल्ला मीच मागच्या बाकावरून सोडला होता. एआरपीमध्ये उत्तर देणारा खरा की खोटा, हे तपासायची सोयच नाही. ही गोष्ट तिनं पुस्तकात वाचली होती. त्या दुपारी ती तिला दिसली. असं शिकवणारी लॅब शोधा.

आता व्यवहाराचं. गेट या एम.टेक.च्या प्रवेश परीक्षेचा स्कोअर ३ वर्षं चालतो आणि त्यावर मान्यताप्राप्त संस्थेत प्रवेश मिळाला तर दरमहा १२,४०० रुपये शिष्यवृत्ती मिळू शकते. सायबरच्या जागांसाठी काही ठिकाणी गेटचा सीएसचाच (कॉम्प्युटर सायन्सचाच) पेपर लागतो, ते अर्जाआधी तपासा. पुण्यात गिरीनगरच्या डीआयएटी या संरक्षण तंत्रज्ञान संस्थेचा विचार जरूर करा. आणि आजपासून पायथन आणि सी हातात घ्या. ई अँड टीसीची मुलं तिथेच अडतात.

प्रश्न : लातूरला तीन वर्षांचं बी.एस्सी. (संगणकशास्त्र) झालंय. थेट एम.टेक. होईल का?

उत्तर : सहसा नाही. आधी एम.एस्सी. किंवा एम.सी.ए. करावं लागेल. राष्ट्रीय न्यायसहायक विज्ञान विद्यापीठात सायबर सिक्युरिटीत एम.एस्सी. आहे, मुख्य केंद्र गांधीनगरला. घरी लवकर पगार हवा असेल तर सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेचा साधारण सहा महिन्यांचा डिटिस हा माहिती सुरक्षेचा डिप्लोमा बघा, प्रवेश सी-कॅट या परीक्षेतून. ती पदवी नव्हे, पण लिनक्स आणि नेटवर्क हाताखालून जातं. नोकरी लागल्यावर एम.एस्सी. करता येते.

प्रश्न : कोल्हापुरात एका सहकारी बँकेत ११ वर्षं शाखांचं नेटवर्क सांभाळते. बी.ई. आहे, वय ३५. नोकरी सोडता येत नाही. आता पदव्युत्तर शिक्षणाला अर्थ आहे का?

उत्तर : ताई, तुम्हाला तर सगळ्यात जास्त अर्थ आहे. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून सुमारे ९४ कोटी रुपये गेले. एटीएमच्या व्यवहारांना मंजुरी खऱ्या यंत्रणेऐवजी हल्लेखोरांनी घुसवलेल्या बनावट स्विचकडून (व्यवहार मंजूर करणाऱ्या सर्व्हरच्या नकलेकडून) मिळत होती आणि २८ देशांत पैसे निघत होते. कुठलं मशीन कुणाशी बोलतं, हे तुमच्यासारख्या माणसाला तोंडपाठ असतं. हे ज्ञान बाहेरून आणता येत नाही.

आयआयटी कानपूरचा सायबर सुरक्षेतला ई-मास्टर्स (ऑनलाइन पदव्युत्तर पदवी) नोकरदारांसाठी आहे, गेट लागत नाही. फी जड आहे. बँक काही भाग उचलते का, ते आधी लेखी विचारा. प्रकल्प मात्र आपल्याच कामाचा घ्या. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सायबर घटना ६ तासांत कळवावी लागते आणि लॉग (यंत्रांच्या हालचालींच्या नोंदी) १८० दिवस ठेवावे लागतात. सगळ्या शाखांचे लॉग एका जागी, एकाच वेळेला जुळवलेल्या घड्याळांसह आणणं हा उत्तम प्रकल्प होईल. परवानगी घ्या, खातेदारांची माहिती प्रबंधात येऊ देऊ नका.

प्रश्न : मुलगा अमेरिकेत एम.एस. करायचं म्हणतोय. नाशिकचं घर तारण ठेवावं लागेल. काय करू?

उत्तर : तिथल्या पदवीनंतर कामासाठी १२ महिने आणि स्टेम (विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणित) शाखेला आणखी २४ महिने मिळू शकतात. पण सायबर क्षेत्रातल्या सरकारी आणि संरक्षणाच्या बऱ्याच नोकऱ्या फक्त तिथल्या नागरिकांसाठी असतात, हे एजंट सांगत नाहीत. घर तारण ठेवण्याआधी जर्मनी बघा. तिथल्या बऱ्याच सरकारी विद्यापीठांत शिकवणी फी नसते. जारलांड विद्यापीठात सायबर सिक्युरिटीची एम.एस्सी. इंग्रजीतून आहे. वर्षाच्या खर्चाचे सुमारे १२,००० युरो आधी खात्यात दाखवावे लागतात आणि भारतातल्या पदव्या तपासणाऱ्या एपीएस या जर्मन केंद्राचं प्रमाणपत्र लागतं. त्याला वेळ जातो.

प्रश्न : बी.सी.ए. दुसरं वर्ष. सरावासाठी शेजाऱ्यांचं वायफाय तोडलं तर चालेल? नुकसान करणार नाही.

उत्तर : नाही रे बाबा. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ खाली ३ वर्षांपर्यंत कैद किंवा ५ लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. व्हर्च्युअलबॉक्स या आभासी संगणक चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये काली (चाचणीची साधनं असलेलं) आणि मेटास्प्लॉइटेबल (सरावासाठी मुद्दाम कच्चं ठेवलेलं) ही दोन मशीन बसव, नेटवर्क होस्ट-ओन्ली, म्हणजे तुझ्याच संगणकापुरतं, ठेव. मग एका मशीनवरून दुसऱ्याचे उघडे पोर्ट (आतल्या सेवांकडे जाणारी दारं) शोध आणि प्रत्येक पोर्टमागे काय चाललंय ते वहीत लिही.