आवाज थांबले, पण सांगितलेलं लक्षात राहत नाही

प्रश्न : डॉक्टर, माझ्या धाकट्या भावाला स्किझोफ्रेनिया आहे. गोळ्यांनी आवाज ऐकू येणं थांबलंय, पण गॅस बंद कर, दार लाव आणि बाबांना फोन कर असं एका दमात सांगितलं की तो गॅस बंद करतो आणि तिथेच उभा राहतो. घरचे म्हणतात आळशी झालाय. एफएमआरआय, म्हणजे मेंदूचा कुठला भाग काम करतोय ते दाखवणारा स्कॅन, काढला तर नक्की कळेल का?

उत्तर : आळस नाहीये हो तो. आत्ता ऐकलेलं काम होईपर्यंत डोक्यात धरून ठेवायचं, याला वर्किंग मेमरी म्हणतात आणि या आजारात नेमकी तीच कमजोर पडते. एफएमआरआयने ती तपासताना स्कॅनरमध्ये झोपवून पेशंटला स्क्रीनवर एकामागून एक अक्षरं दाखवतात, आत्ताचं अक्षर दोन अक्षरांआधी आलेलं असेल तर बटण दाबायचं, म्हणजे दर वेळी नवीन धरायचं आणि जुनं सोडायचं, करून बघा, चांगलंच दमायला होतं. त्या वेळी मेंदूच्या कुठल्या भागात रक्तातला ऑक्सिजन बदलतो ते मशीन टिपतं. १९७४ मध्ये इंगव्हार आणि फ्रान्झेन या संशोधकांना अशा पेशंट्समध्ये मेंदूच्या पुढच्या भागात रक्तपुरवठा कमी दिसला, त्यामुळे हा भाग सुस्तच असतो असं बरीच वर्षं धरून चालले. पुढे एफएमआरआयमध्ये वेगळंच दिसलं, काम सोपं असताना हा कपाळामागचा भाग कित्येकदा इतरांपेक्षा जास्त राबतो आणि ओझं वाढलं की मान टाकतो. तुमचा भाऊ कदाचित तुमच्याहून जास्त कष्ट घेत असेल, हे घरी जरूर सांगा.

पण स्कॅनच्या मागे लागू नका. हे निष्कर्ष पेशंट्सच्या गटांच्या सरासरीवरून काढलेले असतात, एकट्याच्या स्कॅनवरून निदान होत नाही. डॉक्टर कधी साधा एमआरआय सांगतात, तो गाठ वगैरे दुसरं काही नाही ना हे बघायला.

आवाज थांबवणाऱ्या गोळ्यांचा या स्मरणशक्तीला फारसा उपयोग होत नाही. त्यासाठी कॉग्निटिव्ह रेमेडिएशन नावाचा सराव असतो, त्याने थोडा फरक पडतो. घरी एका वेळी एकच काम सांगा, ते झालं की दुसरं, नाहीतर कागदावर लिहून द्या. आणि हात थरथरू नयेत म्हणून वेगळी गोळी चालू असेल तर त्यातल्या काहींनी विसरभोळेपणा वाढतो, स्वतःहून बंद करू नका पण पुढच्या व्हिजिटला डॉक्टरांना विचारा नक्की.