‘यात काय दिसतं?’ : अमूर्त चित्रांविषयी वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात अमूर्त चित्रकलेविषयी प्रश्न मागवले होते. आलेल्या पत्रांतले निवडक प्रश्न इथे घेतले आहेत. उत्तरं वाचताना त्या त्या चित्राची प्रतिमा मोबाइलवर उघडून समोर ठेवलीत, तर जास्त उपयोग होईल.

प्रश्न : पहिलं अमूर्त चित्र कोणाचं? आम्ही विद्यार्थ्यांना कँडिन्स्की सांगत आलो. आता एका स्वीडिश चित्रकर्तीचं नाव वाचनात येतं. (कलाशिक्षिका, सांगली)

तारखा पाहिल्या तर हिल्मा आफ क्लिंट आधीच्या. स्टॉकहोमच्या रॉयल अकादमीत १८८२ ते १८८७ त्या रीतसर शिकल्या. निसर्गचित्रं आणि व्यक्तिचित्रं काढायच्या. १९०६ पासून मात्र ओळखीची वस्तू नसलेली चित्रं त्यांनी सुरू केली. १९०७ मधली ‘दहा सर्वांत मोठी’ ही मालिका कागदावर टेम्परा रंगांत आहे आणि त्यातलं एकेक चित्र सुमारे सव्वातीन मीटर उंच आहे. माझ्या मृत्यूनंतर वीस वर्षं ही चित्रं दाखवू नका, असं त्यांनी सांगून ठेवलं होतं. त्या १९४४ मध्ये गेल्या आणि १९८६ मध्ये लॉस एंजेलिसच्या एका प्रदर्शनातून ही चित्रं जगापुढे आली.

रशियन चित्रकार कँडिन्स्कीच्या ज्या जलरंगातल्या चित्रावर १९१० ही तारीख आहे, ते प्रत्यक्षात १९१३ चं असावं असं बरेच अभ्यासक मानतात. त्याची मांडणी १९१३ मधल्या ‘कंपोझिशन ७’ च्या कच्च्या आराखड्यांशी जुळते. तरीही वर्गात कँडिन्स्की शिकवत राहावं, असंच आम्ही सांगू. त्याने चित्रं लावली, पुस्तक लिहिलं, वाद घातले आणि पुढच्यांनी त्याच्यापासून वाट धरली. आफ क्लिंट यांची चित्रं जवळजवळ कोणी पाहिलीच नव्हती, त्यामुळे त्यांचा प्रभाव पडायला वाव नव्हता. मुलांना दोन्ही नावं आणि हा फरक सांगा. शिवाय कुप्का आणि देलोने हेही १९१२ च्या आसपास याच टप्प्यावर पोचले होते.

प्रश्न : कॅमेरा आला म्हणून चित्रकार अमूर्ताकडे वळले, हे कितपत खरं? (वाचक, नाशिक)

अर्धंच खरं. छायाचित्रणाचा शोध १८३९ मध्ये जाहीर झाला आणि ही चित्रं आली विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात. मध्ये जवळजवळ सत्तर वर्षं आहेत. कॅमेऱ्यामुळे हुबेहूबपणाचं ओझं हलकं झालं इतकं म्हणता येईल, पण पुढे नेमकं काय काढायचं ते कॅमेऱ्याने सांगितलं नाही.

ते इतर ठिकाणांहून आलं. १८९६ मध्ये मॉस्कोतल्या प्रदर्शनात कँडिन्स्कीने फ्रेंच चित्रकार मोनेचं गवताच्या गंजीचं चित्र पाहिलं. ती गंजी आहे हे त्याला कॅटलॉग वाचून कळलं, तोवर चित्राने पकड घेतलेली होती. कायद्याचं अध्यापन सोडून तो म्युनिकला चित्रकला शिकायला गेला. जानेवारी १९११ मध्ये तिथेच त्याने संगीतकार शोनबर्गचं संगीत ऐकलं आणि लगेच ‘इम्प्रेशन ३’ रंगवलं. शब्दांवाचून, गोष्टीवाचून सूर जर थेट पोचतात, तर रंग का नाही, हा प्रश्न त्याला छळत होता. ज्यांनी नोम्-तोम् आलापी ऐकली आहे त्यांना हा प्रश्न परका वाटू नये.

दुसरा धागा आपल्या जवळचा आहे. ॲनी बेझंट आणि लेडबीटर यांनी १९०५ मध्ये एक सचित्र पुस्तक काढलं होतं. भक्ती, राग, भीती, संगीत यांना रंग आणि आकार असतात असं मानून त्यांची चित्रंच त्यात छापली होती. कँडिन्स्कीच्या वाचनात हे लिखाण होतं. डच चित्रकार माँद्रियान १९०९ मध्ये बेझंट-लेडबीटर यांच्याच थिऑसॉफिकल सोसायटीचा, म्हणजे गूढ अध्यात्म मानणाऱ्या संस्थेचा, सभासद झाला. या सोसायटीचं मुख्य ठाणं चेन्नईतल्या अड्यारला. टिळकांच्या होमरूलच्या काळातल्या त्याच या बेझंटबाई. युरोपातल्या या चळवळीच्या मुळाशी अड्यारची माती आहे, हे आपल्याकडे फारसं सांगितलं जात नाही. ते सांगायला हवं.

प्रश्न : अमूर्त चित्रात वस्तू लपवलेली असते का? मी फार वेळ शोधत बसतो. (वाचक, अकोला)

शोधणं थांबवा, बहुतेक वेळा काही लपवलेलं नसतं. काही चित्रकार वस्तूपासून निघतात हे मात्र खरं, आणि त्यासाठी माँद्रियानची तीन झाडं क्रमाने पाहा: १९०८ ते १० मधलं ‘लाल झाड’, १९११ मधलं ‘करडं झाड’ आणि १९१२ मधलं ‘फुललेलं सफरचंदाचं झाड’. पहिल्यात खोड, फांद्या, निळं आकाश सगळं ओळखू येतं. दुसऱ्यात फांद्यांच्या कमानी आणि त्यांच्यामधली मोकळी जागा यांना सारखंच वजन मिळालेलं आहे. तिसऱ्यात खोडाचा जेमतेम मागमूस राहतो आणि कमानींचं एक जाळं उरतं. १९२० नंतरचे त्याचे काळ्या रेघांचे आणि लाल-पिवळ्या-निळ्या चौकटींचे कॅनव्हास या वाटेने आलेले आहेत. त्यांच्यात मात्र झाड शोधू नका. रेघ कुठे थांबते, चौकट कडेला कशी भिडते, एवढ्याशा लाल तुकड्याने मोठी पांढरी जागा कशी तोलली आहे, हे बघायचं.

प्रश्न : मालेविचचा काळा चौकोन एवढा का गाजला? फोटोत तर त्याला तडे गेलेले दिसतात. (विद्यार्थी, पुणे)

डिसेंबर १९१५ मध्ये पेट्रोग्राडच्या (आजच्या सेंट पीटर्सबर्गच्या) प्रदर्शनात रशियन चित्रकार मालेविचने तो खोलीच्या कोपऱ्यात, छताला लागून टांगला. रशियन घरात ती देवाच्या तसबिरीची जागा. पाहणाऱ्याला हे लगेच कळलं आणि गहजब झाला तो त्यामुळे. कॅनव्हास साडेएकोणऐंशी सेंटिमीटरचा आहे आणि आतल्या काळ्या आकाराच्या बाजू एकमेकींना तंतोतंत समांतर नाहीत. त्या पट्टी लावून मारलेल्या नाहीत, हे प्रत्यक्षात लगेच जाणवतं.

तड्यांचा प्रश्न फार चांगला आहे. २०१५ मध्ये मॉस्कोच्या त्रेत्याकोव्ह संग्रहालयाने क्ष-किरण तपासणीचे निष्कर्ष जाहीर केले. काळ्या रंगाखाली आधीच्या रंगीत रचना निघाल्या. खालचा तैलरंग पुरता वाळलेला नसताना त्यावर दुसरा थर चढवला की वरचा आधी ताठ होतो, खालचा सावकाश आक्रसत राहतो आणि वरच्याला भेगा पडतात. आज त्या भेगांतून खालचे रंग डोकावतात. हीच चूक घरोघरी होते. तिच्याकडे शेवटच्या प्रश्नात येऊ.

प्रश्न : असलं तर आमची चार वर्षांची नातसुद्धा काढेल! (वाचक, डोंबिवली)

नात सुंदरच काढत असेल. २०११ मध्ये बोस्टन कॉलेजच्या मानसशास्त्रज्ञांनी हीच शंका तपासली. नामांकित अमूर्त चित्रकारांचं एक आणि मुलांनी किंवा प्राण्यांनी रंगवलेलं एक, अशा दिसायला जवळच्या जोड्या लोकांपुढे ठेवल्या. खालची नावं मुद्दाम उलटसुलट केली तरीही लोकांनी चित्रकाराचं काम निव्वळ अंदाजाने निघालं असतं त्याहून जास्त वेळा निवडलं, आणि त्यात कला न शिकलेले लोकही होते. मूल हाताला येईल ते करतं आणि कंटाळा आला की उठतं. चित्रकाराला कुठे थांबायचं ते ठरवावं लागतं, आणि ते फार अवघड असतं.

प्रश्न : प्रदर्शनात गेल्यावर पाहायचं कसं? (वाचक, कोल्हापूर)

आधी दहा-बारा फुटांवर उभे राहा आणि नजर पहिल्यांदा कुठे जाते ते लक्षात ठेवा. मग कॅनव्हासच्या चारही कडा फिरून बघा. कच्चं काम तिथे उघडं पडतं. त्यानंतर हातभर अंतरावर या आणि जरा बाजूला सरकून तिरक्या उजेडात पृष्ठभाग पाहा. रंगाची जाडी, सुरीचे ओरखडे, खालून वर आलेला रंग हे समोरून दिसत नाही. शेवटी परत मागे जा. खालची पाटी सर्वांत शेवटी वाचा. एका चित्राला पाच मिनिटं द्या आणि एका फेरीत चार-पाचच चित्रं घ्या. मुंबईत काळा घोड्याला जहांगीर कलादालन आणि समोरचं राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय एका दिवसात होतं. संग्रहालय सोमवारी बंद असतं.

प्रश्न : गायतोंडे यांच्या चित्रांतून उजेड आतून आल्यासारखा वाटतो. हे कशाने होतं? (वाचक, मडगाव)

वासुदेव गायतोंडे यांचा जन्म १९२४ मध्ये नागपूरचा, घराणं गोव्याचं, शिक्षण मुंबईच्या जे. जे. मध्ये. पॉल क्लेची चित्रं आणि झेन विचार त्यांच्या जवळचे. १९६४ मध्ये रॉकफेलर शिष्यवृत्तीवर ते न्यूयॉर्कला गेले होते. त्यांच्या परिपक्व काळातल्या चित्रांत कुंचल्यापेक्षा रोलर आणि पॅलेट नाइफ यांचं काम जास्त आहे.

तो उजेड थरांतून येतो. रोलरने रंगाचा पातळ, अर्धपारदर्शक थर पसरतो. त्यावर दुसरा, मग तिसरा. नाइफने मधूनमधून वरचा रंग खरवडला की खालचा उघडा होतो. प्रकाश वरच्या थरातून आत शिरतो, खालच्या फिकट थरावरून परततो आणि पुन्हा वरच्या रंगातून बाहेर येतो. म्हणून रंग पृष्ठभागावर चिकटवल्यासारखा न वाटता आत खोल असल्यासारखा वाटतो. चित्रातल्या त्या लिपीसारख्या, तुटक आकारांसाठी ते वर्तमानपत्राचे फाडलेले तुकडे वापरत: तुकड्यावरचा रंग कॅनव्हासवर दाबायचा आणि कागद उचलायचा. फाटक्या कागदाची कड सरळ नसते, त्यामुळे आकाराला कात्रीचा कोरडेपणा येत नाही.

वर्षाकाठी त्यांची मोजकीच चित्रं पुरी होत. बराच काळ नुसतं बसून विचार करण्यात जाई. २०१३ मध्ये मुंबईच्या लिलावात त्यांच्या १९७९ मधल्या एका चित्राला २३ कोटी ७० लाख रुपये मिळाले, तेव्हा वर्तमानपत्रांत चर्चा झाली ती रकमेची. न्यूयॉर्कच्या गुगनहाइम संग्रहालयाने २०१४ मध्ये त्यांचं सिंहावलोकनी प्रदर्शन भरवलं, ते आम्हाला त्याहून मोठं वाटतं.

प्रश्न : अशीच पद्धत घरी करून पाहिली. रंग मळकट झाले, काही महिन्यांत तडे गेले, कागदही चिकटून फाटला. (हौशी चित्रकार, चिपळूण)

तिन्ही दोष वेगवेगळ्या कारणांचे आहेत.

मळकटपणा येतो ओल्यावर ओलं चढवल्याने. लालसर, पिवळा आणि निळा रोलरखाली एकत्र आले की राखाडी-तपकिरी चिखल ठरलेला. सुरुवातीला पांढरा, यलो ऑकर, बर्न्ट सिएना आणि अल्ट्रामरीन एवढेच रंग घ्या. एका बैठकीत एकच रंग आणि पांढरा. पुढचा रंग खालचा थर वाळल्यावर.

तड्यांसाठी थरांमधल्या तेलाचा हिशेब पाळा. सुरुवात तेल कमी असलेल्या थराने, वर चढत जाल तसं तेल वाढवत न्या. पहिला थर टर्पेंटाइनने पातळ केलेला, त्यात जवसाचं तेल नाही. दुसऱ्यात टर्पेंटाइनच्या तीन भागांना तेलाचा एक भाग, तिसऱ्यात दोन्ही सारखे. मातीचे रंग दोन-तीन दिवसांत हाताला कोरडे लागतात, पांढऱ्याला आणि अल्ट्रामरीनला आठवडा जातो. कोकणातल्या पावसाळ्यात याच्या दुप्पट धरा. कोपऱ्यात नख हलकेच दाबा. ठसा उमटला तर थांबा. जेसोचे (कॅनव्हासवरच्या पांढऱ्या अस्तराचे) दोन हात दिल्यावरही तैलरंग लावण्याआधी दोन-तीन दिवस जाऊ द्यात.

कागद चिकटतो तो रंग जाड झाल्यामुळे. रोलर आधी काचेवर फिरवा. फिरताना चिकट, बारीक सरसर आवाज आला की थर बरोबर. पचपच आवाज आला तर रंग जास्त आहे. फाडलेल्या तुकड्यावर रंग घ्या, उलटा ठेवा, तळव्याने मधून कडेकडे दाबा आणि अर्ध्या मिनिटात एका कोपऱ्यापासून सावकाश उचला. जास्त वेळ ठेवलात तर वर्तमानपत्राचा कागद तेल शोषतो आणि रंग त्यालाच धरून बसतो. मासिकाचा गुळगुळीत कागद कमी शोषतो, ठसा गडद येतो. आधी जुन्या पुठ्ठ्यावर पाच-सहा ठसे काढून हात बसवा.

काम करताना खिडक्या उघड्या ठेवा. जवसाचं तेल लागलेली फडकी चुरगाळून डब्यात टाकू नका. हे तेल वाळताना उष्णता सोडतं आणि ती कोंडली की फडकं आपोआप पेट घेऊ शकतं. फडकी पाण्यात बुडवून ठेवा किंवा बाहेर एकेरी पसरून वाळू द्या.