कुडाळचा माणगा बांबू दुबईला बांधकामासाठी पाठवायचाय. कोणती प्रक्रिया आणि कोणते कागद लागतात?

पाठवता येतो, पण बोरॉनची (कीड लागू न देणाऱ्या क्षारांची) प्रक्रिया केलेला आणि नीट वाळवलेलाच. कच्ची काठी पाठवू नका, तिला भुंगा लागतो आणि माल परत येतो. तीन वर्षांची काठी पाऊस सरल्यावर तोडा. १०० लिटर पाण्यात २ किलो बोरिक ॲसिड नि ३ किलो बोरॅक्स, त्यात भिजवा. माणगा जवळजवळ भरीव, त्यामुळे पोकळ बांबूपेक्षा द्रावण आत जायला वेळ लागतो. दिवस मोजत बसण्यापेक्षा नमुन्याची काठी मधोमध कापून हळदीची चाचणी घ्या: स्पिरिटमधला हळदीचा अर्क लावून वाळवा, वर सॅलिसिलिक ॲसिड मिसळलेलं पातळ हायड्रोक्लोरिक ॲसिड लावा. बोरॉन पोचलं तिथे लाल, नाही तिथे पिवळं. गाभा पिवळा राहिला तर परत टाकीत. मग सावलीत उभी वाळवा. ओली भरली तर कंटेनरमध्येच बुरशी धरते. २० फुटी कंटेनर आतून साधारण ५.९ मीटर, म्हणून काठी ५.८ च्या आत.

कागद:
- आयईसी, म्हणजे आयात-निर्यात कोड (डीजीएफटी, म्हणजे विदेश व्यापार महासंचालनालयाकडून)
- फायटोसॅनिटरी सर्टिफिकेट (मालात कीड-रोग नसल्याचा सरकारी दाखला)
- इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट
- सर्टिफिकेट ऑफ ओरिजिन (माल भारतातला असल्याचा दाखला). भारत-यूएई व्यापार करार १ मे २०२२ पासून लागू आहे, ड्युटीची सवलत याच कागदावर मिळते

लाकडी पॅलेट असेल तर त्यावर आयएसपीएम-१५ चा (लाकडी पॅकिंगवर कीडनाशक प्रक्रिया झाल्याचा आंतरराष्ट्रीय) शिक्का हवाच. बोरॉन पाण्याने धुऊन जातं, म्हणून हा माल छताखालच्या कामालाच विका, जमिनीत गाडायच्या खांबांसाठी नाही. खरेदीदाराला हे आधीच लेखी कळवा.