फुकट ते पौष्टिक

गेल्या अंकात याच पानावर विचारलं होतं, की इंटरनेटवर तुम्हाला काय सापडत नाही? पत्रांचा ढीग आला. निम्म्यांची तक्रार ‘चांगलं वाचायला मिळत नाही’, उरलेल्यांची मागणी ‘फुकटातलं एखादं सॉफ्टवेअर सांगा’. सांगलीत डीटीपीचं दुकान चालवताना गिऱ्हाइकंही हेच विचारायची, फक्त ती पत्रिकेचं प्रूफ हातात धरून विचारायची. निवडक पत्रं घेतली आहेत. नावं छापत नाही, गावं छापतो.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षिका. २०१०च्या सुमारास मराठी ब्लॉग नेमानं वाचायचे. गावाकडच्या आठवणी, झाडंझुडपं, चालीरीती, काय काय असायचं! आता ‘देवराई’ शोधलं तर रिसॉर्ट येतात. ती माणसं लिहायची थांबली, की मलाच शोधता येत नाही? (चिपळूण)

उत्तर : थोडं हे, थोडं ते, बाई. बरीच मंडळी फेसबुकवर गेली, आणि तिथं लिहिलेलं चार दिवसांत गाळात जातं. लिहिणाऱ्याला स्वतःलाही पुन्हा सापडत नाही. पण ब्लॉगवाले अगदीच संपलेले नाहीत. ते गूगलच्या पहिल्या पानावर येत नाहीत एवढंच, कारण त्या पानासाठी मुद्दाम बेतून लिहिणाऱ्यांची एक वेगळी जमात तयार झाली आहे. ‘देवराई म्हणजे काय? देवराईचे फायदे. देवराईला कसे जावे?’ असे मथळे एकाखाली एक दिसले की समजावं, लिहिणारा देवराईत कधी गेलेला नाही.

या जमातीला बगल द्यायची तर नुसतं विषयाचं नाव टाकू नका. ज्याचं त्या विषयाशी नातं आहे तो माणूस जसं बोलेल, तसं टाका. उदाहरणार्थ असं:

“देवराई” “आमच्या गावात” राखणदार -रिसॉर्ट -बुकिंग

अवतरणचिन्हांतले शब्द गूगल जसेच्या तसे शोधतं. वजाचं चिन्ह लावलेला शब्द ज्या पानावर असेल ते पान गळतं. मात्र चिन्ह शब्दाला चिकटून हवं, मध्ये जागा नको. ‘आमच्या गावात’च्या जागी ‘आजोळी’, ‘आम्ही लहान असताना’ टाकून बघा. ‘माझ्या आजीने’ आणि ‘माझ्या आजीनं’ असं दोन्ही प्रकारे शोधा, कारण आपली मंडळी दोन्ही लिहितात. रिसॉर्टची जाहिरात लिहिणारा आजीला मध्ये आणत नाही, निदान अजून तरी नाही.

आणखी दोन चाव्या. इंग्रजीत ‘साइट’, मग कोलन, मग ‘ब्लॉगस्पॉट डॉट कॉम’ असं सलग टाकलं की फक्त तिथली पानं येतात, तसंच वर्डप्रेसचं. आणि ‘बिफोर’ कोलन २०१४ असं जोडलं की त्या वर्षाआधीचं लेखन येतं. तुम्हाला तेच हवं आहे ना?

आता खरी गंमत. एक चांगला ब्लॉग सापडला की लेख वाचून परत गूगलवर जायचं नाही. त्याच पानाच्या कडेला बघायचं. ‘मी वाचतो ते ब्लॉग’, ‘माझे शेजारी’ अशी काहीतरी यादी असते. ब्लॉगस्पॉटवरच्या या यादीत ताजं लिहिलेलं नाव आपोआप वर चढतं आणि त्याखाली ‘२ आठवड्यांपूर्वी’, ‘८ वर्षांपूर्वी’ असं दिसतं. म्हणजे वरची नावं हिंडती-फिरती, खालची विश्रांतीला गेलेली. वरच्या नावावर जा, तिथली यादी बघा, पुन्हा पुढं. मला आजवर जे जे बरं वाचायला मिळालं, ते बहुतेक असंच, कुणाच्या तरी यादीतून. यंत्रापेक्षा चोखंदळ वाचकावर माझा भरवसा जास्त.

सापडलेलं पुन्हा हरवू नये म्हणून आरएसएस वापरा. नाव बोजड आहे, काम साधं आहे: आपल्याला आवडलेल्या ब्लॉगांवर नवं काही आलं की ते एका ठिकाणी जमा होतं. पूर्वी यासाठी गूगल रीडर होतं, ते १ जुलै २०१३ रोजी बंद केलं. ब्लॉगांना उतरती कळा लागायला तेही एक कारण झालं, असं माझं मत आहे. आज फीडली आणि इनोरीडर आहेत. दोन्हींची फुकट खाती साध्या वाचकाला पुरून उरतात. खातं उघडायचं, ब्लॉगचा पत्ता चिकटवायचा, झालं. नुसत्या पत्त्यानं ओळख पटली नाही तर वर्डप्रेसच्या पत्त्यापुढं ‘स्लॅश फीड’ जोडायचं. सहा महिन्यांतून एकदा लिहिणारा लेखक यामुळंच हाती राहतो, आणि कोणता लेख आधी दाखवायचा हे परस्पर ठरवणारं मध्ये कुणी नसतं.

आणि जुन्या वहीत लिहून ठेवलेला पत्ता उघडतच नसेल तर? तो ‘वेबॅक मशीन’मध्ये टाका. सॅन फ्रान्सिस्कोच्या ‘इंटरनेट अर्काइव्ह’ या संस्थेचं हे काम. ती १९९६पासून जगभरची पानं साठवते आहे, आणि २००१पासून तो साठा सगळ्यांना खुला आहे. वरच्या पट्टीतलं वर्ष निवडायचं, कॅलेंडरमध्ये गोल केलेल्या तारखेवर टिचकी मारायची. फोटो गायब असतील, पण मजकूर बहुतेक वेळा मिळतो. स्वतःचा ब्लॉग असेल तर त्याची पानंही तिथं ‘सेव्ह पेज नाउ’नं आजच टाकून ठेवा.

इंग्रजीचं वावडं नसेल तर ‘ऊह डिरेक्टरी’ नावाची ब्लॉगांची विषयवार सूची बघा, २०२२मध्ये सुरू झालेली. पक्षी, नकाशे, विणकाम असे कप्पे आहेत, आणि कोण अलीकडं लिहितंय तेही दिसतं. ‘मार्जिनालिया’ हे शोधयंत्र तर जाहिरातींनी भरलेल्या पानांना मुद्दाम मागं ढकलतं आणि साध्या, मजकुराच्या पानांना पुढं आणतं. दुपार कुठं गेली कळणार नाही.

प्रश्न : गावच्या देवस्थानाची १९९९ची स्मरणिका आमच्याकडं पेजमेकर या पानं मांडायच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये आहे. आता उघडली तर सगळी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं. पुन्हा टाइप करायला पैसे नाहीत. फुकटात काही होईल का? (लातूर)

उत्तर : होईल. हा तर माझ्या घरचाच विषय.

ती फाइल बिघडलेली नाही. त्या काळचे मराठी फॉन्ट इंग्रजी अक्षरांच्या जागेवर बसवलेले असायचे. संगणकाच्या लेखी तिथं इंग्रजी अक्षरंच होती, फॉन्ट त्यांना मराठी मुखवटा चढवायचा. फॉन्ट गेला, मुखवटा गेला. युनिकोडमध्ये तसं नाही. तिथं प्रत्येक देवनागरी अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे, ‘क’चा ०९१५. म्हणून आजचा मजकूर कोणत्याही यंत्रावर मराठीच दिसतो.

आधी मजकूर बाहेर काढा. लिब्रेऑफिस हे फुकट सॉफ्टवेअर पेजमेकरच्या बऱ्याच जुन्या फाइली उघडतं. मांडणीचा पार विचका होईल, तिकडं लक्ष देऊ नका, मजकूर उचलून घ्या. मग मजकूर निवडून फॉन्टच्या चौकटीत नाव काय दिसतं ते टिपून ठेवा: श्री-लिपी, डीव्हीबी, शिवाजी, कृतिदेव, काय असेल ते. हे नाव हाच सगळा मामला. प्रत्येक फॉन्टचा जागांचा नकाशा वेगळा आहे, त्यामुळं कृतिदेवच्या परिवर्तकात (जुना मजकूर युनिकोडमध्ये बदलून देणारं साधन) श्री-लिपीचा मजकूर घातला तर एका कचऱ्यातून दुसरा कचरा निघतो. फॉन्टच्या नावापुढं ‘टू युनिकोड कन्व्हर्टर’ जोडून शोधलं की फुकट परिवर्तक सापडतात.

सगळी स्मरणिका एकदम घालू नका. पहिलं पान घाला आणि तीन गोष्टी बारकाईनं बघा. पहिली, रफार. जुन्या पद्धतीत तो अक्षरानंतर टाइप व्हायचा, युनिकोडमध्ये आधी साठवला जातो. परिवर्तक कच्चा असेल तर ‘कार्यक्रम’चा ‘कायर्क्रम’ आणि ‘वर्ष’चं ‘वषर्’ होतं. दुसरी, पहिली वेलांटी. तिचं नेमकं उलटं: जुन्यात आधी, युनिकोडमध्ये अक्षरानंतर. ती चुकली की ठिपक्यांचं वर्तुळ काढून वेलांटी एकटीच उभी राहते. तिसरी, ‘दुसऱ्या’तला ऱ्या, त्याचा ‘दुसर्या’ करणारे परिवर्तक ढीगभर आहेत. तपासायला मी एक ओळ करून ठेवली आहे: ‘पूर्वी दुसऱ्या वर्षी विश्वस्तांनी किर्लोस्करवाडीहून द्राक्षं आणली.’ जुन्या फॉन्टमध्ये ही ओळ टाइप करून परिवर्तकातून धडधाकट बाहेर आली, तर पुढं जायला हरकत नाही. ‘दुसर्या’सारख्या ठरावीक चुका राहिल्या तर त्या फाइंड-रिप्लेसनं एका झटक्यात जातात, त्यासाठी परिवर्तक बदलायची गरज नाही.

फाइल काही केल्या उघडलीच नाही, पण छापील प्रत आहे, तर ती ३०० डीपीआयला स्कॅन करा, गूगल ड्राइव्हवर चढवा आणि ‘ओपन विथ’मधून गूगल डॉक्समध्ये उघडा. चित्राखाली मराठी मजकूर येतो. स्वच्छ छपाई असेल तर आश्चर्य वाटावं इतका बरा येतो. देणगीदारांची यादी मात्र डोळ्यांत तेल घालून तपासा. आडनाव चुकलं तर देवही वाचवणार नाही.

नव्यानं मांडणी करायला मुंबईच्या ‘एक टाइप’चे मुक्ता आणि बलू हे फॉन्ट गूगल फॉन्ट्सवर फुकट आहेत. परवाना खुला आहे, छापायलाही चालतात, म्हणजे चोरीचे फॉन्ट पेनड्राइव्हवरून आणायची गरज उरलेली नाही.

प्रश्न : बँकभरतीचे फॉर्म भरतो. फोटो २० ते ५० केबी, सही १० ते २० केबी लागते. दरवेळी गूगलवर जी पहिली साइट येईल तिथं टाकतो. आधार आणि मार्कशीटचं पीडीएफपण तिथंच करतो. एखादी चांगली साइट सांगा. (नांदेड)

उत्तर : मित्रा, आधार ‘जी पहिली येईल तिथं’ टाकतोस हे वाचून मीच पाणी प्यायलो.

एक चाचणी शीक, जन्मभर पुरेल. साइट उघड, पान पूर्ण येऊ दे, मग मोबाइल एअरप्लेन मोडवर टाक, वाय-फायही बंद आहे ना बघ. आता फोटो निवडून लहान करायला सांग. काम झालं, तर त्यावेळी फोटो तुझ्या मोबाइलबाहेर गेलेला नाही, सगळं ब्राउझरमध्येच उरकलं. नुसतंच गोल गोल फिरत राहिलं, तर फाइल कुणाच्या तरी सर्व्हरवर जाणार होती. तिथं निसर्गचित्रं खुशाल टाक, ओळखपत्रं नाही.

या चाचणीत पास होणारं एक नाव ‘स्क्वूश’. गूगलच्या क्रोमवाल्या मंडळींनी २०१८मध्ये केलेलं. आधी ‘रिसाइझ’मध्ये लांबी-रुंदी घाल, मग दर्जाची पट्टी मागं सरकव. तळाला नवा आकार दिसत राहतो, ५०च्या आत आला की उतरवून घे. लांबी-रुंदी आधी, हा क्रम महत्त्वाचा. नुसता दर्जा पाडत गेलास तर चेहरा विटकरीसारखा दिसेल.

पीडीएफसाठी संगणक असेल तर ‘पीडीएफ२४’ची विंडोजवर बसवायची आवृत्ती घे, ती नेटशिवाय चालते. आणि जिथं चालतं तिथं आधारची ‘मास्क्ड’ प्रत दे. यूआयडीएआयच्या साइटवरून मिळते, त्यात फक्त शेवटचे चार आकडे दिसतात.

जाता जाता: सॉफ्टवेअर उतरवताना पानावरचं सगळ्यांत मोठं, हिरवंगार ‘डाउनलोड’ बटण बहुधा जाहिरात असते. शंका आली तर उतरवलेली फाइल ‘व्हायरसटोटल’वर तपास. तिथं स्वतःची कागदपत्रं मात्र तपासायला टाकू नकोस, तिथं दिलेल्या फाइली सुरक्षेवर काम करणाऱ्या इतरांनाही मिळतात.

प्रश्न : जिल्हा परिषद शाळेत सातवी शिकवतो. प्रयोगशाळा नाही, नेट येतं-जातं. विज्ञानाचे प्रयोग कसे दाखवू? (पालघर)

उत्तर : सर, ‘फेट’ बघा. पडद्यावर करून बघायच्या विज्ञानप्रयोगांचा, कोलोराडो विद्यापीठाचा २००२पासूनचा उपक्रम, सुरू करणारे कार्ल वीमन भौतिकशास्त्राचे नोबेलविजेते. काही प्रयोग मराठीतही आहेत. विजेचं मंडल जोडणं आणि लंबक, या दोन्हींपासून सुरुवात करा. प्रयोगाची फाइल उतरवून घेता येते आणि मग नेट लागत नाही. घरून पेनड्राइव्हवर न्या. भूमितीसाठी जिओजेब्रा. पाठ्यपुस्तकांचं पीडीएफ बालभारतीच्या साइटवर आहेच.

प्रश्न : हे सगळं चॅटजीपीटीला विचारलं की झालं. तुमच्या सदराचं काय काम? (नागपूर)

उत्तर : विचारा की. मीही विचारतो. ‘अमुक काम करणारं फुकट साधन कोणतं’ याला ते बरी नावं देतं. पण ‘अमुक विषयावरचे मराठी ब्लॉग सांग’ म्हटलं, तर कधी कधी अस्तित्वातच नसलेला ब्लॉग, पत्त्यासकट आणि ठामपणे सांगतं. पत्ता उघडून बघितल्याशिवाय कुणाला पुढं पाठवू नका. एवढं सांगायला सदर लागतं.

पुढच्या अंकासाठी प्रश्न पाठवताना फोन की संगणक, विंडोज कितवं, आणि फॉन्टचा घोळ असेल तर फॉन्टचं नाव लिहा. ‘नुसते चौकोन येतात’ एवढ्यावरून मला काही सांगता येत नाही, आणि अशी पत्रं या खेपेलाही बरीच आहेत.