सोमवारचा आकडा

"सगळं दोनदा तपासतो, तरी दोष निसटतोच. माझंच लक्ष नसतं का हो मॅडम?"

कारखान्यांच्या क्वालिटी विभागातली माणसं समुपदेशनासाठी माझ्याकडे येतात तेव्हा शब्द बदलतात, प्रश्न हाच असतो. हे गृहस्थ (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत) सुट्या भागांच्या लाइनवर सुपरवायझर होते. झोप उडालेली, रविवार दुपारपासूनच पोटात गोळा. दर आठवड्याला त्यांच्या लाइनचे २०० नग तपासायचे आणि सोमवारच्या मीटिंगला नापास नगांचा आकडा फळ्यावर लिहायचा. ५ आला की शाबासकी, १३ आला की सगळ्यांसमोर हजेरी.

समुपदेशनात येण्याआधी काही वर्षं मी याच कामात होते. म्हणून श्वासाचे व्यायाम बाजूला ठेवून त्यांना वीस आठवड्यांचे आकडे आणायला सांगितले. सरासरी निघाली ८, म्हणजे ४ टक्के. आता ८ ला ०.९६ ने (पास होणाऱ्या नगांचा वाटा) गुणा, वर्गमूळ काढा, त्याची तिप्पट करा: साधारण ८.३. सरासरीच्या दोन्ही बाजूंना एवढी मोकळीक धरायची. म्हणजे लाइनवर काहीही न बदलता आकडा ० ते १६ यांत कुठेही पडू शकतो. त्यांचा एकही आठवडा या पट्ट्याबाहेर नव्हता. ५ ची शाबासकी आणि १३ ची बोलणी एकाच प्रक्रियेच्या नावावर जमा होत होती! आकडे अशा पट्ट्यासह मांडणारा हा आलेख, म्हणजे कंट्रोल चार्ट, अमेरिकी संख्याशास्त्रज्ञ वॉल्टर श्यूहार्ट यांनी १९२४ साली मांडला, तरी मीटिंगांमध्ये अजून गेल्या आठवड्याशी तुलना करूनच आवाज चढतात.

मग मी त्यांना गुणवत्तेचे अमेरिकी तज्ज्ञ डेमिंग यांचा मण्यांचा खेळ सांगितला. पेटीत पांढरे मणी, त्यांत २० टक्के लाल. ५० खळग्यांच्या फळीने मणी काढायचे. लाल कमी आले तर कौतुक, जास्त आले तर दम. काढणाऱ्याच्या हातात काहीच नसतं. ते हसले, मग बराच वेळ गप्प बसले.

एक गोष्ट मात्र त्यांच्याच हातून होत होती. माप जरा सरकलं की ते लगेच मशीनचं सेटिंग तेवढंच उलट हलवायचे. स्थिर प्रक्रियेत असं दर मापामागे केलं तर मापांची पसरण सुमारे ४१ टक्क्यांनी वाढते. धडपड्या माणसाला हे पचायला जड जातं.

"म्हणजे मी काहीच करू नये?"

करायचं, पण सरासरीवर. वीस आठवड्यांचे १६० नापास नग दोषांप्रमाणे वेगळे केले तर निम्म्याच्या आसपास ओरखड्याचे निघाले. मग त्यांनी ३० नग दोन तपासनिसांना वेगवेगळे दाखवले, दोन दिवसांनी क्रम बदलून पुन्हा. एकाने पास केलेला नग दुसऱ्याने नापास केला. एकाचं तर स्वतःशीच जुळेना. ओरखडा म्हणजे नेमका केवढा, हे कुठेच ठरलेलं नव्हतं! 'इतका चालेल' आणि 'इतका नाही' असे दोन नमुना नग टेबलावर ठेवल्यावर वाद बरेच मिटले. खरे ओरखडे पडत होते ते ट्रेमध्ये नग एकावर एक टाकल्यामुळे.

कप्प्यांचे ट्रे मागवणं त्यांच्या अधिकारात नव्हतं. साहेबांशी कसं बोलायचं, याची आम्ही दोन सत्रं तालीम केली. "माझी चूक नाही" हे वाक्य काढून टाकलं. उरलं ते एवढंच: "साहेब, हा वीस आठवड्यांचा कागद. निम्मे नग ओरखड्यांमुळे जातात. एका लाइनला कप्प्यांचे ट्रे द्या, आठ आठवडे बघू."

ट्रे मिळाले. सरासरी ८ वरून ५ च्या जवळ आली आहे. साहेब अजूनही सोमवारी आकडा मोठ्याने वाचतात. हे आता त्याच्या शेजारी चार्ट लावतात. झोप बरी आहे. गेटपर्यंत गेल्यावर गेजच्या (मापं घेण्याच्या साधनांच्या) कपाटाचं कुलूप बघायला मात्र अजून परत येतात. सध्या त्यावर काम चालू आहे.