तो रकाना रिकामा का ठेवला?

प्रिय,

तुझं पत्र दोनदा वाचलं. टीमसाठी कामांचा सामायिक बोर्ड आणला, सगळ्यांना खाती उघडून दिली, तासभर बसून शिकवलंही, आणि महिन्याभरात तो ओस पडला. 'लोकांना शिस्तच नाही' असं तू लिहिलंस. ते मला पटलं नाही, म्हणून लगेच लिहायला बसले.

जोनाथन ग्रुडिन या संशोधकांनी १९८८ मध्ये याच दुखण्यावर बोट ठेवलं होतं. सामायिक कॅलेंडरचं उदाहरण घे. बैठक बोलावणाऱ्याला ते सोन्यासारखं, कारण कोण कधी मोकळं आहे ते एका नजरेत दिसतं. पण त्यासाठी बाकीच्यांनी रोज आपापल्या नोंदी भरत बसायचं, आणि त्यांच्या पदरात काय? कष्ट एकाचे आणि लाभ दुसऱ्याचा झाला की असं साधन टिकत नाही. आता तुझा बोर्ड बघ. त्यावरून कामाचा अंदाज तुला येतो, वरिष्ठांना येतो. भरणाऱ्यांना मात्र तेच सगळं शुक्रवारच्या अहवालात पुन्हा लिहावं लागतं. मग कशाला भरतील? तो अहवाल बंद कर, बोर्डवर आहे तोच अहवाल असं जाहीर कर. भरणाऱ्याचं एक तरी काम कमी झालं पाहिजे.

'पूर्वी तर बोलून भागायचं' हे तुझ्या सहकाऱ्यांचं म्हणणंही खरंच आहे. चौघांत सहाच जोड्या होतात. तुम्ही आता दहा जण आहात, म्हणजे ४५ जोड्या. प्रत्येकाने प्रत्येकाला सांगून माहिती पोचवण्याचे दिवस तिथेच संपतात.

बोर्डपेक्षा मला जास्त काळजी वाटते ती तुमच्या निर्णयांची. ते कुठे राहतात? चॅटमध्ये ठरतं, दुपारपर्यंत शंभर संदेश खाली वाहून जातं. मी नवखी असताना एका मोठ्या माहितीसंचावर आम्ही काम करत होतो. जुन्या नोंदींतला एक रकाना रिकामा ठेवायचा असं फोनवर ठरलं, कारण ते आकडे दोन वेगवेगळ्या पद्धतींनी मोजलेले होते. ते कुणीच लिहून ठेवलं नाही, मीही नाही. दीड वर्षाने आलेल्या सहकाऱ्याला तो रकाना अपुरं राहिलेलं काम वाटला. त्याने तीन आठवडे खपून, अगदी मन लावून तो भरला. मग ते सगळं पुसावं लागलं. पुसताना त्याचा चेहरा मला अजून आठवतो. चूक त्याची नव्हतीच.

हे दुखणं मोठमोठ्या ठिकाणीही असतं. टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ मध्ये सर्न या संशोधन संस्थेत एक प्रस्ताव मांडला, त्यात हीच तक्रार होती: माणसं साधारण दोन वर्षं राहतात आणि जातात, त्यांच्यासोबत माहितीही हरवत राहते. पुढे ज्याला आपण वेब म्हणू लागलो, त्याची सुरुवात त्या प्रस्तावातून झाली.

यंत्रावर किती भिस्त ठेवायची हेही सांगते. एकाच दस्तऐवजात दोघं एकाच वेळी टाइप करतात तेव्हा दोघांची अक्षरं जुळवून घेण्याची युक्ती एलिस आणि गिब्ज या संशोधकांनी १९८९ मध्येच मांडली होती, आणि आज ती जुळवाजुळव चालताना आपल्या लक्षातही येत नाही. पण एकाच वाक्यात एकाने 'नाही' घातलं आणि दुसऱ्याने 'क्वचितच', तर यंत्र दोन्ही शब्द इमानेइतबारे ठेवेल आणि वाक्याचा अर्थ पार बिघडेल. फाइलींमधले बदल टप्प्याटप्प्याने जपून ठेवणाऱ्या गिट या साधनाचंही तसंच. कोणी, केव्हा, कोणती ओळ बदलली याची नोंद ते स्वतःच ठेवतं. 'का' मात्र माणसालाच लिहावं लागतं, आणि तिथे बहुतेक जण 'किरकोळ बदल' एवढंच लिहून मोकळे होतात.

म्हणून प्रत्येक निर्णयामागे तीन ओळी लिहीत जा: काय ठरलं, का ठरलं, आणि कोणता पर्याय विचार करून सोडला. तिसरी ओळ कधीही गाळू नकोस, कारण सोडलेला पर्यायच पुढच्या माणसाला नव्याने सुचतो आणि तो त्यात आठवडे घालवतो. या ओळी चॅटमध्ये नकोत. ज्या फाइलबद्दल निर्णय झाला तिच्या शेजारी हव्यात. शोधायला जावं लागलं की कुणी वाचत नाही.

आणि नवं साधन इतक्यात आणू नकोस. बोर्डला अजून एकदाही हात न लावलेला एक सहकारी आहे असं तू लिहिलंस ना? उद्या त्याच्या शेजारी तासभर बस. काही शिकवू नकोस, तो काम कसं करतो ते बघ. माहिती तो कुठे लिहून ठेवतो, वहीत की स्वतःच्याच एखाद्या फाइलमध्ये, ते विचार. काय दिसलं ते मला सविस्तर कळव, मग बोर्डचं काय करायचं ते ठरवू.

तुझी,
ताई